ई-बर्डच्या नोंदींवरून पक्षी कुठल्या सीझनला कुठे असतो ते कसं काढायचं

ई-बर्ड म्हणजे पक्षी बघणाऱ्यांनी आपापल्या नोंदी टाकायची वेबसाईट. त्या नोंदींचे नुसते नकाशावर ठिपके टाकून मोकळं होऊ नका, कारण ते ठिपके पक्ष्यांचे कमी आणि पक्षी बघणाऱ्यांचे जास्त असतात, सुट्टीच्या दिवशी नोंदी वाढतात, रस्त्याच्या कडेला वाढतात आणि कुठे काही दुर्मिळ दिसलं की सगळी पब्लिक तिकडेच पळते.

म्हणून मोजायची ती फ्रिक्वेन्सी. एका भागात एका आठवड्यात जितक्या कम्प्लीट चेकलिस्ट (एकेका फेरीतल्या पक्ष्यांच्या याद्या) आल्या त्यातल्या किती टक्के लिस्टमध्ये तो पक्षी आहे, बस एवढंच. कम्प्लीट म्हणजे जे जे ओळखता आलं ते सगळं टाकलेली लिस्ट, त्यात पांढरा धोबी नसेल तर तो सापडला नाही असं धरता येतं. सुट्या फोटोंच्या नोंदींतून हे 'नाही' मिळतच नाही, आणि खरी मजा त्या 'नाही'तच आहे. ५० लिस्टमध्ये १० वेळा धोबी म्हणजे २० टक्के, ५०० मध्ये ५० वेळा म्हणजे १० टक्के. नोंदी पाचपट झाल्या पण फ्रिक्वेन्सी निम्मी!

ई-बर्ड २००२ पासून चालू आहे, डेटा फुकट मिळतो, लॉगिन करून कशासाठी पाहिजे ते लिहायचं. सॅम्पलिंगची फाईल, म्हणजे आलेल्या सगळ्या चेकलिस्टची यादी, पण घ्याच, 'नाही' तिच्यातूनच निघतात. मोठ्या भागाची फाईल एक्सेलमध्ये उघडायच्या भानगडीत पडू नका, आर (R) या प्रोग्रॅमिंग भाषेतलं ई-बर्डच्या फाईलींसाठीचं ऑक (auk) पॅकेज वापरा.

मग चाळण लावा: ६ तासांपेक्षा लांब, १० किमीपेक्षा जास्त चाललेल्या किंवा १० पेक्षा जास्त माणसांच्या लिस्ट बाहेर. ग्रुपने शेअर केलेली लिस्ट एकदाच धरा. आकड्याच्या जागी एक्स असेल तर पक्षी होता, फक्त मोजला नाही. एकाच तळ्यावर रोज जाणारे असतातच, तेव्हा नकाशावर ३ किमीच्या चौकोनांची जाळी टाकून दर आठवड्याला प्रत्येक चौकोनातून थोड्याच लिस्ट उचला.

आता आठवड्यांचा ग्राफ काढा. लिस्ट फारच कमी असतील तर चार-पाच वर्षं एकत्र करा.

ग्राफ खाली आला की पक्षी गेला असं लगेच म्हणू नका हां. कोकीळ विणीच्या दिवसांत ओरडून डोकं उठवतो, नंतर गप्प बसतो, आणि आपण बहुतेक वेळा त्याला कानानेच नोंदवतो. खरंच स्थलांतर असेल तर इथे टक्का पडत असताना दुसरीकडे कुठेतरी चढायला पाहिजे, म्हणून शेजारच्या दोन-तीन भागांचे ग्राफ एकाखाली एक लावून बघा.