खांद्याचा एमआरआय वाचताय? आधी पेशंटची पिशवी उघडा

द्राक्षाच्या मांडवाखाली हात वर करून अर्धं आयुष्य काढलेले बागायतदार खांदा धरून नाशिकला येतात. त्यांच्या झिजलेल्या खांद्यांचे एमआरआय वाचताना नवे रेसिडेंट, म्हणजे रेडिऑलॉजी शिकणारे डॉक्टर, ठरावीक चुका करतात. सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एक्स-रे न बघता रिपोर्ट लिहिणं. ही मीही केलीय. निफाडकडचे साठीतले एक आबा. शनिवारची संध्याकाळ, यादी लांबलचक. ह्युमरल हेडमध्ये (दंडाच्या हाडाच्या गोल डोक्यात) टी-टूवर, म्हणजे पाणी उजळ दाखवणाऱ्या एमआरआय प्रतिमेवर, पांढराशुभ्र गोळा, भोवती मॅरो एडिमा, हाडाच्या आतली सूज. 'मेटास्टॅसिस (दुसरीकडून पसरलेला कॅन्सर) वगळावा' असं लिहून मोकळा झालो. सोमवारी सून रिपोर्ट घेऊन आली. रडून रडून डोळे सुजलेले. "ताई, एक्स-रे काढला होता का?" मी विचारलं. तिने पिशवीतून काढून दिला. पंधरा दिवसांपूर्वीचा! सांध्यातली फट बुजलेली, हेडच्या खालच्या कडेला बोकडाच्या दाढीसारखा लोंबणारा ऑस्टिओफाइट, म्हणजे झिजेमुळे वाढलेलं हाड. मग एमआरआय पुन्हा लावला. तो गोळा म्हणजे कूर्चा उडालेल्या जागेच्या अगदी खालची, रेखीव कडांची सिस्ट, म्हणजे पाण्याची पोकळी, होती. संधिवाताची, बस. तेव्हापासून एक्स-रे हातात आल्याशिवाय मी डिक्टाफोनला हात लावत नाही. यादी तुंबली तर तुंबू दे.

दुसरं दुखणं मॅजिक अँगलचं. टेंडनचे (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीचे) तंतू यंत्राच्या मुख्य चुंबकीय क्षेत्राशी साधारण 55 अंशांत आले की टी-वन आणि पीडी या एमआरआयच्या दुसऱ्या प्रतिमांवर धडधाकट टेंडनही उजळ दिसतो. सुप्रास्पायनेटस, म्हणजे खांद्याच्या वरच्या बाजूचा टेंडन, हाडाला चिकटतो त्याच्या जरा अलीकडे हे हमखास होतं. पोरं पीडी उघडतात आणि 'टेंडिनोसिस' (टेंडनची झीज) ठोकून देतात. शेजारी लांब टीईचा (सिग्नल उशिरा टिपणारा) टी-टू लावायला किती वेळ लागतो? उजळपणा तिथे गेला, तर विषय संपला. मी दोन प्लेनमध्ये, म्हणजे दोन दिशांच्या कापांत, दिसल्याशिवाय 'टेअर' (फाट) लिहीत नाही.

आणि खरी फाट असली तरी दुखणं तिचंच, असं धरून चालू नका. 1995 च्या एका अभ्यासात खांदा अजिबात न दुखणाऱ्या साठीपुढच्या निम्म्याहून जास्त लोकांत अर्धवट किंवा पूर्ण फाट सापडली होती.

लेब्रमची, म्हणजे खांद्याच्या खोबणीभोवतीच्या कडीची, चिरफाळी? झिजलेल्या सांध्यात ती असायचीच, तिच्यावर परिच्छेद खर्चू नका.

स्नायूतली चरबी सॅजिटल (बाजूने घेतलेल्या उभ्या कापांच्या) टी-वनवर बघा, चरबीचा उजेड दाबणाऱ्या फॅट-सॅटवर नव्हे.

ग्लेनॉइड (खांद्याची खोबण) मागून झिजलाय का, हे ॲक्सियलवर, म्हणजे आडव्या कापांत, पाहून लिहाच. सांधा बदलायचा ठरला की सर्जनचा पहिला फोन त्यासाठीच येतो.