गव्हाचे सावरडो रोल: दगडाचे मऊ कसे झाले

तीन वेळा रोल केले, तिन्ही वेळा दगड. दोष मी स्टार्टरला देत होते, म्हणजे सावरडोचं पीठ फुगवणाऱ्या, पीठ-पाणी आंबवून केलेल्या विरजणाला. तो बिचारा चार-पाच तासांत दुप्पट होत होता, म्हणजे त्याचं काही चुकत नव्हतं. चूक पाण्यात होती. मैद्याच्या रेसिपीतलं, पिठाच्या वजनाच्या ६५ टक्के पाणी मी कणकेला तसंच वापरत होते. कणकेतला कोंडा पाणी पितो, तेही सावकाश. मळताना बरा वाटणारा गोळा तासाभराने घट्ट होतो.

आता ५०० ग्रॅम कणकेला ३९० ग्रॅम पाणी. नुसतं कालवून पाऊण तास झाकून ठेवते, मगच १०० ग्रॅम स्टार्टर, १० ग्रॅम मीठ आणि ४० ग्रॅम लोणी. पीठ हाताला चिकटतं. चिकटू द्यावं! कोरडं पीठ भुरभुरायचा मोह झाला की मी हात ओले करते.

दुसरी चूक, दुप्पट फुगायची वाट पाहणं. कणीक लवकर आंबते. तोवर पीठ ढिलं पडून रोल ओव्हनमध्ये बसायचे. आता दीडपट झालं की गोळे वळून ट्रेमध्ये एकमेकांना खेटून लावते. बोटाने दाबलेला खळगा हळूहळू भरून येऊ लागला की १९० अंशांवर २५ मिनिटं. बाहेर काढल्यावर लोण्याचा हात, वर फडकं.