गुळवेलीचा अर्क आणि एंडोटॉक्सिनची पंचाईत

गुळवेलीतलं अरॅबिनोगॅलॅक्टन (एक बहुशर्करा) मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना चेतवतं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात वेगळं केलेलं ‘जी१-४ए’ हे त्यातलंच. ते पेशींवरच्या टीएलआर४ या रिसेप्टरवर काम करतं. पंचाईत अशी, की जिवाणूंच्या आवरणातलं विष, म्हणजे एंडोटॉक्सिन (एलपीएस), हेही त्याच रिसेप्टरला चिकटतं. अर्कात ते आलं, तर पेशी नेमक्या कशानं चेतल्या ते सांगता येत नाही.

यावल-चोपड्याकडे कडुनिंबावर चढलेली, अंगठ्याएवढी जाड वेल घ्या. कपाशीच्या बांधावरची नको, तिच्यावर फवारणी बसलेली असते. खांडं पातळ चिरून सावलीत वाळवा. पावसाळ्यात मात्र ५० अंशांच्या ओव्हनशिवाय पर्याय नाही. ओल राहिली की बुरशी आणि जिवाणू दोन्ही माजतात.

५० ग्रॅम पूड ५०० मिली ८० टक्के इथेनॉलमध्ये दोनदा धुवा. रंग आणि बर्बेरिनसारखी लहान रेणूची द्रव्यं निघून जातात. उरलेला चोथा ५०० मिली पाण्यात ९० अंशांवर दोन तास ठेवा, गाळा, पुन्हा एकदा तेच करा. एक थेंब थंड करून त्यावर आयोडीन टाका. निळा झाला तर स्टार्च आहे (बाजारातलं गुळवेल सत्त्व बहुतांशी स्टार्चच), अल्फा-अमायलेज वापरून तो काढा. मग द्रव १०० मिलीपर्यंत आटवा आणि ४०० मिली थंड ९५ टक्के इथेनॉल हलवत ओता. ४ अंशांवर रात्रभर ठेवलं की साका बसतो. तो विरघळवून १२ किलोडाल्टनच्या (त्याहून लहान रेणू बाहेर सोडणाऱ्या) पडद्याच्या नळीत भरा आणि ती पाण्यात ठेवून ४८ तास डायलिसिस करा, तेही थंडीतच. खान्देशातल्या उन्हाळ्यात टेबलावर ठेवलेल्या त्या पाण्यात जिवाणू वाढतात, आणि एंडोटॉक्सिन बहुधा इथेच शिरतं. ऑटोक्लेव्हनं (दाबाखालच्या वाफेनं) ते जात नाही. काचसामान २५० अंशांवर ३० मिनिटं कोरडं तापवावं लागतं.

वेलीशिवाय, नुसत्या पाण्यावर हीच सगळी प्रक्रिया करून एक कोरा नमुना ठेवा; प्रक्रियेतूनच काही शिरलं का, ते त्यावरून कळतं.

आता चाचणी: आरएडब्ल्यू २६४.७ पेशी (उंदराच्या मॅक्रोफेज पेशींचा प्रयोगशाळेतला वाण) ९६ खणांच्या प्लेटमध्ये, खणाला एक लाख. अर्क १० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, २४ तास. शेजारी एलपीएस १०० नॅनोग्रॅम प्रति मिली. दोन्हींचे जोडखण पॉलिमिक्सिन बी (१० मायक्रोग्रॅम प्रति मिली) हे एलपीएसला बांधून निकामी करणारं प्रतिजैविक घालूनही लावा. चेतलेल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्याचं माध्यमात नायट्राइट होतं; ते मोजायला नंतर वरचं माध्यम १०० मायक्रोलिटर आणि तितकंच ग्रीस अभिकर्मक (नायट्राइटनं गुलाबी होणारा) मिसळून १० मिनिटांनी रंगाची तीव्रता ५४० नॅनोमीटरवर वाचा. तुलनेसाठी सोडियम नायट्राइटची ठरावीक तीव्रतेची द्रावणं त्याच माध्यमात बनवा, पाण्यात नको.

पॉलिमिक्सिननं एलपीएसचा आकडा कोसळला आणि अर्काचा टिकला, तरच पुढे जा. दोन्ही कोसळले तर अर्क मलिन आहे. एंडोटॉक्सिन थेट मोजणारी एलएएल चाचणी जोडीला हवीच, पण बीटा-ग्लुकान या बुरशी-वनस्पतींतल्या बहुशर्करेमुळे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. ग्लुकान रोखणारा बफर वापरा.