पहिल्यांदा कड्यावर चढताय? या चुका टाळा

आर्टिफिशियल वॉलवर (चढाईच्या सरावासाठी बांधलेल्या भिंतीवर) हात बसला की खऱ्या खडकाची ओढ लागते, आणि लागायलाच हवी. मात्र वॉलवर अँकर (दोर वर जिथे अडकवतात तो पक्का आधार), दोराची लांबी, खालची गादी हे सगळं कुणीतरी आधीच तपासून ठेवलेलं असतं. कड्याखाली ते काम तुमचं. म्हणून पहिल्या दिवशी सर्वांत जास्त काळजी पाय जमिनीवर असतानाच घ्यायची असते.

गाठ अर्धवट राहणं

फिगर ऑफ एट, म्हणजे दोर हार्नेसला (कमरेच्या सुरक्षा पट्ट्याला) जोडणारी आठच्या आकाराची गाठ, बांधताना कुणी हाक मारतं, लक्ष उडतं आणि दोराचं टोक परत फिरवायचं राहून जातं. अमेरिकेची लिन हिल ही जगातल्या अव्वल आरोहकांपैकी एक. १९८९ मध्ये फ्रान्समध्ये चढताना तिची गाठ अशीच अपुरी राहिली. खाली उतरण्यासाठी तिने दोरावर भार टाकला आणि ती थेट कोसळली. वाटेत झाड आलं, म्हणून वाचली. तिच्याकडून हे होऊ शकतं, तर नवख्याने गाठ पूर्ण होईपर्यंत कुणालाही उत्तर देऊ नये.

मग एकमेकांची तपासणी. चढणाऱ्याच्या हार्नेसची बकलं आणि गाठ बिले देणाऱ्याने (चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याने) पाहायची. बिले डिव्हाइसमधून (दोर अडवणाऱ्या साधनातून) दोर बरोबर गेलाय का, कॅराबिनर (धातूची कडी) लॉक आहे का, हे चढणाऱ्याने पाहायचं. नुसती नजर टाकू नका, हात लावून पाहा. दर चढाईआधी, कंटाळा आला तरी.

दोराचा हिशेब न करणं

खालून बिले देताना टॉप रोपचा, म्हणजे वरून आधार देणारा, दोर अँकरपर्यंत जाऊन परत येतो. २५ मीटरच्या कड्याला ५० मीटरहून जास्त दोर हवा. कमी पडला तर उतरवताना शेवट बिले डिव्हाइसमधून निसटतो आणि वरचा माणूस पडतो. यावर उपाय एकच: बिलेच्या बाजूच्या टोकाला आधीच गाठ मारून ठेवा.

दुसरी गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. डायनॅमिक (पडण्याचा झटका शोषणारा लवचिक) दोर नुसत्या वजनानेही ताणतो. प्रमाणित एकेरी (एकटाच वापरायच्या) दोराला ८० किलोच्या भाराखाली १० टक्क्यांपर्यंत ताणण्याची मुभा असते. सुरुवातीला चढणारा आणि बिले देणारा यांच्यामध्ये ५० मीटर दोर असेल, तर दोनतीन मीटर असेच जातात. त्यामुळे पहिल्या काही मीटरांत घसरलात तर टॉप रोप असूनही जमिनीवर आपटू शकता. तेवढा वेळ बिले घट्ट ठेवायला सांगा.

हात लवकर भरून येणं

पंधरा-वीस फुटांतच कोपराखालचे हात दगडासारखे झाले, तर दोष बहुधा पायांचा. वॉलवर रंगीत होल्ड (हातापायाच्या पकडी) दिसतात, खडकावर पायाची जागा शोधावी लागते. खाली बघा. बुटाचं टोक नेमकं ठेवा, पावलं छोटी टाका, थांबताना हात सरळ ठेवा. गुळगुळीत उतरत्या खडकावर टाच थोडी खाली सोडली की रबर चांगलं धरतं. वॉलवरची ग्रेड (अवघडपणाचा दर्जा) विसरा आणि सोप्या रूटपासून सुरुवात करा.

हेल्मेट बिले देणाऱ्यालाही हवंच. दगड सुटला तर ‘दगड!’ असं मोठ्याने ओरडा, आणि खालच्यांनी वर न बघता कड्याला चिकटावं. हाका आधीच ठरवून घ्या, वाऱ्यात लांबलचक वाक्यं पोचत नाहीत.

पावसानंतर वालुकाश्मावर चढू नका. वरून कोरडा दिसला तरी आतल्या ओलीने तो कमकुवत होतो आणि होल्ड हातात तुटून येतात.