अंतराळ दुर्बिणींचा डेटा हाताळताय? या चुका टाळा

इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणाऱ्या टेस या अंतराळ दुर्बिणीचा डेटा पहिल्यांदा हाती घेतला, तेव्हा तिसऱ्याच दिवशी मला वाटलं की ग्रह सापडला. प्रकाशवक्रात, म्हणजे ताऱ्याचं तेज वेळेनुसार कसं बदलतं त्या आलेखात, दर १३.७ दिवसांनी एक खाच दिसत होती. रात्रभर ग्रहाची त्रिज्या आणि ताऱ्यापासूनचं अंतर काढत बसलो. सकाळी टेसची माहितीपुस्तिका उघडली आणि उलगडा झाला: टेस स्वतः पृथ्वीभोवती १३.७ दिवसांत एक फेरी मारते. दर फेरीत पृथ्वीजवळ आली की ती डेटा खाली पाठवते, त्या वेळी निरीक्षण थांबतं, आणि आसपासच्या दिवसांत पृथ्वीचा किंवा चंद्राचा विखुरलेला प्रकाश कॅमेऱ्यात शिरू शकतो. मी मोजत होतो ती दुर्बिणीची कक्षा.

नंतर नवख्यांना मदत करताना हाच प्रकार पुन्हा पुन्हा दिसला. गणित बरोबर असतं. जे आकाशातलं म्हणून मोजलं जातं, ते उपकरणातलं किंवा डेटा प्रक्रियेतलं असतं. टेस, गाया आणि वेब या तिन्हींचा डेटा आज कुणालाही फुकट मिळतो, म्हणून या चुका मांडून ठेवतो.

शेजाऱ्याचं ग्रहण आपल्या ताऱ्याच्या नावावर

टेसच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवणारी चूक हीच. टेसचा एक पिक्सेल आकाशातल्या २१ विकलांएवढा, म्हणजे २१ आर्कसेकंदांचा असतो. पूर्ण चंद्रबिंबाच्या रुंदीत सुमारे ९० पिक्सेलच मावतील, इतका तो जाडाभरडा आहे. टेसआधीच्या केप्लर दुर्बिणीचा पिक्सेल सुमारे ४ विकलांचा होता. त्यामुळे टेसमध्ये ज्याला आपण 'एक तारा' म्हणतो, त्या ठिपक्यात चार-पाच ताऱ्यांचा प्रकाश मिसळलेला असू शकतो.

समजा, आपल्या ताऱ्याशेजारी शंभरपट मंद अशी ताऱ्यांची जोडी आहे आणि ते तारे एकमेकांना ग्रहण लावतात. ग्रहणात त्या जोडीचा निम्मा प्रकाश गेला, तरी एकत्रित प्रकाशात घट दिसेल ती फक्त अर्ध्या टक्क्याची. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून शनीहून जरा लहान ग्रह गेला तर साधारण एवढीच घट व्हायला हवी. गुरूएवढ्या ग्रहाची घट सुमारे एक टक्का असते. आकडा इतका विश्वासार्ह दिसतो की हात लगेच लिहायला लागतो.

तेव्हा प्रकाशवक्रावर न थांबता टार्गेट पिक्सेल फाइल (ताऱ्याभोवतीच्या पिक्सेलांचा मूळ डेटा) उघडा आणि प्रत्येक पिक्सेलचा वक्र वेगळा काढा. खाच कडेच्या पिक्सेलमध्ये जास्त खोल असेल, तर दोषी शेजारी आहे. मग विषम आणि सम क्रमांकाच्या खाचा वेगळ्या करून त्यांची खोली ताडून पाहा. खोली वेगळी निघाली तर दोन तारे आळीपाळीने एकमेकांना झाकत आहेत, आणि खरा आवर्तकाल तुम्ही काढलेल्याच्या दुप्पट आहे. दोन खाचांच्या मध्ये दुसरी उथळ खाच दिसते का, हेही बघा. खाचेचा आकार सपाट तळाऐवजी टोकदार असेल तर संशय वाढवा. मात्र ताऱ्याच्या कडेला घासून जाणारा खरा ग्रहही तसा आकार देतो, म्हणून एवढ्यावरून उमेदवार बाद करू नका.

सफाई करताना ग्रह पुसला जाणं

लाइटकर्व्ह हे पायथनचं पॅकेज बहुतेक जण वापरतात, आणि ते चांगलंच आहे. पण त्यातल्या फ्लॅटन या वक्र सपाट करणाऱ्या आज्ञेची ठरीव खिडकी, म्हणजे ती एका वेळी विचारात घेते तो तुकडा, १०१ बिंदूंची असते. ३० मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या डेटात १०१ बिंदू म्हणजे दोन दिवसांहून जास्त काळ. दोन मिनिटांच्या डेटात मात्र तेच १०१ बिंदू जेमतेम साडेतीन तासांचे होतात. अधिक्रमण, म्हणजे ग्रहाचं ताऱ्यासमोरून जाणं, तीन-चार तासांचं असेल तर ही आज्ञा त्या खाचेलाच 'ताऱ्याचा चढउतार' समजून सपाट करते. 'कालपर्यंत दिसत होता, आज सिग्नल गेला' अशी तक्रार आली की मी सर्वात आधी हा आकडा विचारतो. खिडकी अधिक्रमणाच्या कालावधीच्या किमान तिप्पट ठेवा.

याच्या उलट त्रास बदलत्या ताऱ्यांवर काम करणाऱ्यांना होतो. पीडीसीसॅप हा दुरुस्त केलेला प्रकाश ग्रह शोधण्यासाठी बनवलेला आहे. उपकरणाचे दोष काढताना तो ताऱ्याचे काही आठवड्यांचे संथ चढउतारही खाऊ शकतो. सॅप (दुरुस्तीआधीचा प्रकाश) आणि पीडीसीसॅप दोन्ही वक्र एकाखाली एक काढून बघायला पाच मिनिटं लागतात.

वेळेचा घोटाळा थोडक्यात सांगतो. टेसच्या वेळेत २४५७००० मिळवावे लागतात, केप्लरच्या वेळेत २४५४८३३. दोन्ही डेटा तसेच जोडले तर २१६७ दिवसांची चूक होते.

गायाचा पराशय आणि साधा भागाकार

ताऱ्यांची स्थानं आणि अंतरं मोजणाऱ्या गाया दुर्बिणीने जानेवारी २०२५ मध्ये निरीक्षणं थांबवली, पण जून २०२२ ला आलेल्या तिच्या तिसऱ्या प्रकाशनात सुमारे १.८ अब्ज ताऱ्यांची माहिती आहे. पराशय (पॅरॅलॅक्स) म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा किती सरकलेली दिसते तो कोन. शाळेत शिकलेलं सूत्र सोपं आहे: विकलांतल्या पराशयाने १ ला भागा, अंतर पार्सेकमध्ये मिळतं. जवळच्या ताऱ्यांना ते चालतं. दूरच्यांना नाही.

उदाहरण घ्या. पराशय ०.५ मिलिविकला (विकलेचा हजारावा भाग), त्रुटी ०.२५. भागाकार सांगतो २००० पार्सेक. पण त्रुटी धरली तर अंतर १३३३ पासून ४००० पर्यंत कुठेही असू शकतं, आणि ही पट्टी दोन्ही बाजूंना सारखी नाही. त्रुटी पराशयाच्या एक-पंचमांशाहून मोठी असेल तर भागाकार सोडा आणि संभाव्यतेच्या पद्धतीने काढलेली अंतरं वापरा; ती प्रसिद्ध झालेली आहेत. ऋण पराशय दिसला म्हणून तो तारा यादीतून काढणं ही तर आणखी मोठी चूक. गोंगाटात, म्हणजे मोजणीतल्या आपसूक चढउतारांत, ऋण आकडा येणं स्वाभाविक आहे, आणि असे तारे गाळले की उरलेली यादी एका बाजूला झुकते. शिवाय क्वेसारांवरून, म्हणजे ज्यांचा पराशय जवळपास शून्यच असायला हवा अशा अतिदूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी गाभ्यांवरून, कळलं आहे की या प्रकाशनातले पराशय सरासरीने ०.०१७ मिलिविकला कमी मोजले गेले आहेत. ०.१ मिलिविकला पराशयाच्या ताऱ्याला हा फरक १७ टक्क्यांचा आहे.

'रूवे' (RUWE) नावाचा रकानाही बघत जा; निरीक्षणं एकट्या ताऱ्याच्या मॉडेलशी किती जुळतात ते तो सांगतो. तो १.४ च्या वर असेल तर तारा जोडीतला असण्याची शक्यता आहे आणि त्याच्या पराशयावर भिस्त ठेवता येत नाही. आणि स्थानं २०१६ सालची आहेत हे विसरू नका. बर्नार्डचा तारा वर्षाला १०.४ विकला सरकतो. सन २००० च्या यादीतल्या जागी शोधलंत तर टेसच्या सुमारे आठ पिक्सेलांनी चुकाल.

वेबची फाइल: कोणत्या पायरीवरची, कोणत्या काळातली

वेबच्या प्रतिमांचे आकडे जुळत नाहीत, असं कुणी म्हणालं की बहुधा एकक चुकलेलं असतं. 'रेट' फाइलमध्ये दर सेकंदाला जमलेली मोजणी असते, 'कॅल' आणि पुढच्या फाइलींत प्रति स्टेरेडियन मेगाजान्स्की, म्हणजे पृष्ठभागाचं तेज. ताऱ्याचं एकूण तेज हवं असेल तर पिक्सेलच्या क्षेत्रफळाने गुणावं लागतं, आणि ते हेडरमध्ये, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीत, लिहिलेलं असतं.

त्याच हेडरमध्ये मापांकनाची (कॅलिब्रेशनची) आवृत्तीही असते. जुलै २०२२ मध्ये पहिला डेटा आला तेव्हा मापांकन बरंचसं उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांवर आधारलेलं होतं. पुढच्या महिन्यांत काही फिल्टरांचे आकडे लक्षणीय बदलले. तेव्हा उतरवलेली फाइल संगणकात पडून असेल तर ती टाकून द्या आणि नवी घ्या.

रंगावरून काढलेली ताम्रसृती

ताम्रसृती, म्हणजे रेडशिफ्ट, जितकी जास्त तितकी दीर्घिका दूरची. जुलै २०२२ मध्येच सीअर्स-९३३१६ ही दीर्घिका ताम्रसृती १६ च्या पुढची असावी असं वेगवेगळ्या फिल्टरांतल्या तेजावरून वाटलं होतं. तसं असतं तर ती महास्फोटानंतर जेमतेम २५ कोटी वर्षांतली ठरली असती. २०२३ मध्ये वेबनेच तिचा वर्णपट घेतला आणि उत्तर आलं ४.९. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या तीव्र रेषा नेमक्या काही फिल्टरांत पडल्या होत्या आणि त्यांनी फार दूरच्या दीर्घिकेसारखा रंग उभा केला होता. त्याच अभ्यासात 'मेझीची दीर्घिका' ११.४ वर पक्की झाली. म्हणजे पद्धत टाकाऊ नाही, पण ती उमेदवार देते. वाचताना आणि लिहिताना 'फिल्टरांवरून' की 'वर्णपटावरून' हे प्रत्येक आकड्यापाशी नोंदवा. वर्णपटातही फरक असतो: जेड्स-जीएस-झेड१४-० साठी आधी १४.३२ आलं होतं, २०२५ मध्ये आल्मा दुर्बिणीने ऑक्सिजनची रेषा पकडल्यावर ते १४.१८ झालं.

या दीर्घिकेचा प्रकाश साडेतेरा अब्ज वर्षं प्रवास करत आला, म्हणून ती साडेतेरा अब्ज प्रकाशवर्षं दूर आहे असं लिहू नका. विश्व तेवढ्या काळात प्रसरण पावलं आहे. आज ती सुमारे ३४ अब्ज प्रकाशवर्षं दूर आहे.

रेणूचं नाव घेण्याची घाई

के२-१८बी हा ग्रह १२४ प्रकाशवर्षांवर आहे. २०१९ मध्ये हबलच्या डेटावरून त्याच्या वातावरणात पाण्याची वाफ असल्याचं जाहीर झालं. हबलचं उपकरण पाहत होतं तो पट्टा १.१ ते १.७ मायक्रॉनचा, आणि १.४ मायक्रॉनजवळ पाणी आणि मिथेन दोन्ही प्रकाश शोषतात. २०२३ मध्ये वेबने रुंद पट्टा पाहिला, तेव्हा मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दिसले; पाण्याची स्पष्ट खूण नाही. एका अरुंद पट्ट्यातल्या एका उंचवट्यावरून रेणू ठरवत असाल, तर तिथे आणखी कोणते रेणू शोषतात त्याची यादी आधी काढा.

एप्रिल २०२५ मध्ये याच ग्रहावर डायमिथाइल सल्फाइडचा तीन सिग्मा पुरावा असल्याचा दावा आला. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः सागरी सूक्ष्मजीव तयार करतात, त्यामुळे बातम्यांत '९९.७ टक्के खात्रीने जीवसृष्टी' असा अर्थ पसरला. तीन सिग्मा म्हणजे नुसत्या गोंगाटातून एवढा सिग्नल दिसण्याची शक्यता सुमारे ३७० त एक. तो त्याच रेणूचा आहे का, आणि तो रेणू सजीवांनीच बनवला का, हे दोन वेगळे प्रश्न त्या आकड्यात येतच नाहीत. इतर गटांनी त्याच डेटाचं नव्याने विश्लेषण केलं, तेव्हा हा पुरावा टिकण्याइतका भक्कम वाटला नाही. एका विश्लेषणात तर कोणताही रेणू न धरता काढलेली सरळ रेषाही त्या बिंदूंना पुरेशी जुळली. म्हणून तुमच्या वर्णपटावर रेणूचं मॉडेल बसवण्याआधी त्यावर एक सरळ रेषा बसवून बघा, आणि दोन्हींची जुळणी शेजारी शेजारी मांडा.