मॅक्रो लेन्स न घेता मॅक्रो

कास पठारावरचं दवबिंदू हे कीटकभक्षी रोप मला जवळून टिपायचं होतं: पानावरच्या केसांचे चिकट थेंब, त्यात अडकलेला किडा. अशा अगदी जवळच्या फोटोंसाठीच्या मॅक्रो लेन्सची किंमत मात्र घराच्या हप्त्याला भिडत होती. मग अ‍ॅपर्चर रिंग (प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करणारं कडं) असलेली ५० मिमीची जुनी मॅन्युअल लेन्स स्वस्तात घेतली आणि रिव्हर्स रिंग लावून कॅमेऱ्यावर उलटी बसवली. रिव्हर्स रिंग लेन्सच्या पुढच्या फिल्टरच्या आट्यांवर बसते, म्हणून त्यांचा आकार, ४९ की ५२ मिमी, आधी तपासाच. उलटी लेन्स जवळजवळ १:१ आकार देते, म्हणजे सेन्सरवर वस्तू जवळपास खऱ्या आकाराची उमटते. ऑटोफोकस नाही; कॅमेराच हळूहळू मागेपुढे करायचा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून फोकस साधायचा, नाहीतर व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार; मग छिद्र लहान करायला अ‍ॅपर्चर रिंग एफ/८ वर आणायची. वारा असेल तर फार चिकाटी लागते, पण थेंब सुरेख येतात! आता कुठलीही महाग लेन्स आधी शनिवार-रविवार भाड्याने आणते. बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागतं.