बातमी तपासायला शिकवणारा सिनेमा

नव्या वार्ताहराला मी पहिल्याच आठवड्यात ‘शॅटर्ड ग्लास’ (२००३) दाखवते, वही हातात देऊन. त्यातली गोष्ट खरी आहे : १९९८ मध्ये ‘द न्यू रिपब्लिक’ या अमेरिकी नियतकालिकाच्या स्टीफन ग्लास या पत्रकाराने एका हॅकर पोराची बातमी रचली, तिच्यातली ‘जक्ट मायक्रोनिक्स’ कंपनी अस्तित्वातच नव्हती.

बघताना एकच लिहा : हा तपशील खरा आहे, असं कोण सांगतंय? दर वेळी उत्तर येतं, ग्लासच. टिपणं त्याची, व्हिजिटिंग कार्ड त्याने बनवलेलं, कंपनीची वेबसाइटही त्याचीच.

तिथे सिनेमा थांबवा आणि आपली कालची बातमी काढा. वार्ताहराने दिलेला फोन नंबर बाजूला ठेवा. संस्थेचा नंबर स्वतः शोधून लावा. मग जागेवर जा. बातमीतला हॅकरांचा मेळावा वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डातल्या एका इमारतीत रविवारी झाला, असं ग्लास सांगत होता. त्याचा संपादक चार्ल्स लेन त्याला घेऊन तिथे गेला, तेव्हा चौकशीत कळलं की ती इमारत रविवारी बंद असते. मला हा प्रसंग सगळ्यात मोलाचा वाटतो. फोनवरच्या वर्णनावर मी एकदा पुराची बातमी सोडली होती. दुसऱ्या दिवशी गावचे सरपंच आले. “ताई, आमच्या पुलावरून पाणी गेलंच नाही.”

चूक झालीच, तर खुलासा मूळ बातमी होती त्याच पानावर छापा, आतल्या कोपऱ्यात नाही.